चेंडू यायच्या आधी

कोल्हापूरच्या पेठेत मी फुटबॉल शिकलो, मुंबईत फुटबॉलवर नोकरी लागली आणि पुढे काही मोसम आय-लीगमध्ये याच खेळावर घर चाललं. एवढ्या काळात जागा एकच राहिली, मधली फळी. आता मुलांना शिकवतो. त्यांच्यातलं कुणी ना कुणी कधीतरी विचारतंच, "सर, फॉरवर्ड गोल मारतो, बॅक अडवतो, गोली धरतो. मग मिडफिल्डर काय करतो?" मैदानावर मी करून दाखवतो. बोलून सांगायचं तर ते असं सुटंसुटं आठवतं.

१. चेंडू पायाशी येईपर्यंत मिडफिल्डरचं निम्म्याहून अधिक काम उरकलेलं असतं. तालमीच्या संघात हे कधी जाणवलं नव्हतं, कारण पेठेतल्या सामन्यात चेंडू घेऊन, वळून, बघायला वेळ मिळायचा. मुंबईतल्या पहिल्याच सरावात तो वेळ नाहीसा झाला. तिथल्या एका वयस्क प्रशिक्षकांनी मला मध्ये उभं केलं. समोरून एकजण पास देणार, मागे दुसरा बोटं वर करून उभा. चेंडू बुटाला लागायच्या आत किती बोटं ते ओरडायचं. आठवडाभर दुसरं काही नाहीच. मान कधी वळवायची याचंही गणित असतं, ते त्यांनीच समजावलं. चेंडू एका सहकाऱ्याच्या पायातून सुटून दुसऱ्याकडे निघाला की वाटेत तो मत बदलत नाही. तेवढा क्षण आपला. एकदा डाव्या खांद्यावरून बघायचं, एकदा उजव्या. चेंडूला पाय लागत असताना मात्र नजर चेंडूवर हवी, कारण तिथून तो कुठेही जाऊ शकतो. पुष्कळ वर्षांनी नॉर्वेच्या गेइर यॉर्डेट यांच्या संशोधनाबद्दल वाचलं. त्यांनी इंग्लिश प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंचे पाय सोडून माना पाहिल्या. चेंडू मिळण्याआधी जो जास्त वेळा आजूबाजूला बघतो त्याचे पास जास्त नेमके जातात, असं त्यांना आढळलं. लॅम्पार्ड आणि जेरार्ड त्यात अगदी वरच्या रांगेत होते. वाचताना मला आमच्या प्रशिक्षकांची बोटं दिसत होती.

२. आपल्याला दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं, आणि त्याने ते ओरडून सांगणं ही मैदानावरची सगळ्यात मोठी मदत. कोल्हापुरात "मागं हाय!" म्हणायचे, नाहीतर "टाइम हाय, वळ!" आय-लीगच्या संघात गोव्याचे, मणिपूरचे, बंगालचे आणि आफ्रिकेतून आलेले खेळाडू एकत्र होते, तिथे त्याचं "मॅन ऑन" आणि "टर्न" झालं. मधल्या फळीतला माझा जोडीदार मणिपूरचा. त्याचं हिंदी तोडकं, माझं त्याच्या भाषेचं ज्ञान शून्य. जेवताना आम्ही जवळजवळ गप्प असायचो. पण मैदानावर त्याचा आवाज आला की मी मागे न बघता चेंडू अंगावर घ्यायचो, आणि तो आवाज कधी खोटा ठरला नाही. इतका भरवसा मी आयुष्यात फार थोड्या माणसांवर टाकला आहे.

३. नव्वद मिनिटांत एका खेळाडूच्या पायाशी चेंडू असतो तो फार तर दोन-तीन मिनिटं. मिडफिल्डर मात्र सामन्यात दहा-अकरा किलोमीटर धावतो. म्हणजे बहुतेक धावणं चेंडूवाचूनच. यातली कितीतरी धाव तर न मिळणाऱ्या पाससाठी असते. मी उजवीकडे सुटलो की माझ्यावर नेमलेला माणूस माझ्यामागे येतो, त्याने सोडलेल्या जागेत आपला फॉरवर्ड उतरतो, पास त्याला जातो. माझ्याकडे कुणी बघतही नाही. पंगतीत चांगला वाढपी कसा पान रिकामं व्हायच्या आत भात घेऊन हजर असतो, त्यातला हा प्रकार. जेवणाऱ्याला त्याचा चेहरा आठवत नाही, जेवण मात्र आठवतं. मला या धावण्याची गोडी लागली आणि ती शेवटपर्यंत टिकली.

४. मधल्या फळीला विसरणं ही फुटबॉलची फार जुनी खोड आहे आणि मला ती आजही टोचते. वर्ल्ड कप आला की कोल्हापुरात चौकाचौकांत मेस्सी, रोनाल्डो, नेमारचे दोन-दोन मजली फलक लागतात. ते लागावेत, मीही त्यांच्याखालून मान वर करून गेलोय. पण बार्सिलोनात मेस्सीच्या मागे वर्षानुवर्षं जागा राखून उभा राहिलेला सर्खिओ बुस्केट्स मला कुठल्या चौकात दिसला नाही. २००३ मध्ये रेआल माद्रिदने बेकहॅमला आणलं आणि त्याच उन्हाळ्यात क्लोद मॅकलेलेला चेल्सीला जाऊ दिलं. मॅकलेले बचावफळीच्या पुढे उभा राहून समोरच्याचे हल्ले मुळातच खुडायचा, पगारवाढ मागत होता, ती मिळाली नाही. त्या वर्षी माद्रिद स्पेनचे विजेते होते. पुढचं विजेतेपद त्यांना थेट २००७ मध्ये मिळालं.

आपल्याकडचं उदाहरण मला अधिक जवळचं आहे. ४ सप्टेंबर १९६२, जकार्ता, आशियाई क्रीडास्पर्धेची अंतिम लढत: भारत २, दक्षिण कोरिया १. गोल पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांचे. चुनी गोस्वामी कर्णधार, रहीमसाहेब प्रशिक्षक. एवढं फुटबॉलच्या चाहत्याला पाठ असतं. त्या सुवर्णविजेत्या संघात फोर्तुनातो फ्रँको नावाचे हाफबॅक, म्हणजे आजच्या भाषेत मिडफिल्डर, होते. मूळचे गोव्याचे, मुंबईत टाटांच्या संघातून आणि पुढे गोव्यात साळगावकरकडून खेळलेले. २०२१ मध्ये ते गेले. त्यानंतर एकदा मी आमच्या मुलांना सराव थांबवून त्यांच्याबद्दल सांगितलं. एकानेही ते नाव ऐकलेलं नव्हतं. आशियाई सुवर्णपदक गळ्यात पडलेला आपल्या मातीतला हाफबॅक, आणि त्याचं नाव त्याच जागेवर खेळणाऱ्या मुलांना ठाऊक नाही, याचं मला मनापासून वाईट वाटलं. तेव्हापासून नव्या तुकडीला पहिल्या दिवशी मी हे नाव सांगतो.

५. पासमध्ये निरोप असतो. जोडीदाराच्या लांबच्या पायावर, चेंडू हलका फिरवून दिला तर त्याचा अर्थ "वळ, मागे कुणी नाही". त्याच्या जवळच्या पायावर टणक दिला तर "मागे माणूस आहे, लगेच परत दे". थोडा पुढे टाकला तर "धाव". तोंडाने काही बोलावं लागत नाही. मुंबईच्या पावसात, कूपरेजच्या मैदानावर तेव्हा अजून माती आणि गवतच होतं, हा निरोप चिखलात अडकायचा. कोरड्या मैदानावर पाच यार्ड जाणारा पास तिथे तीन यार्डांवर बसायचा. मग चेंडूच्या खाली पाय घालून तो जरासा उचलायचा, डबकं ओलांडून पुढे टप्पा पडेल इतकाच. सराव संपला की मी आणि आमचा लेफ्ट बॅक दोघंच थांबून त्या डबक्यांवरून चेंडू एकमेकांना देत बसायचो. बूट पाण्याने दुप्पट जड व्हायचे, मोज्यातून चिखल पिळून काढावा लागायचा. माझ्या सगळ्या कारकिर्दीत त्या संध्याकाळींइतका निखळ आनंद मला दुसऱ्या कशाने दिला असेल असं वाटत नाही.

६. वाईट पास गेला तर लगेच पुढचा मागायचा. लपायला मधल्या फळीत भरपूर जागा असते. समोरच्या खेळाडूच्या आडोशाला दोन पावलं सरकलं की कुणी आपल्याला चेंडू देऊ शकत नाही, आणि प्रेक्षकाला कळतही नाही. संघाला मात्र कळतं. क्रोएशियाच्या लुका मॉड्रिचला मी यासाठी मानतो. युद्धामुळे घर सोडून झादरच्या हॉटेलात वाढलेला मुलगा. अंगाने इतका किरकोळ की हायदुक स्प्लिट क्लबने घेतलं नाही. २०१८ च्या वर्ल्ड कपमध्ये डेन्मार्कविरुद्ध जादा वेळेत, चार-पाच मिनिटं उरली असताना त्याची पेनल्टी श्मायकेलने अडवली. क्रोएशिया तिथेच जिंकली असती. थोड्याच वेळात शूटआउट सुरू झालं आणि तोच माणूस पुन्हा त्याच गोलीसमोर चेंडू ठेवून उभा राहिला, आणि यावेळी गोल केला. पुढे रशियाविरुद्ध जादा वेळ, इंग्लंडविरुद्ध पुन्हा जादा वेळ, आणि मग फायनल. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. पेनल्टी आणि शूटआउट यांमधली ती काही मिनिटं त्याने कशी काढली असतील, याचा विचार मी अनेकदा करतो.

७. आपल्याहून सरस संघाविरुद्ध खेळलं की डोळे उघडतात. माझे उघडले ते गोव्याच्या धेंपोविरुद्ध, फातोर्ड्याला. आर्मांदो कुलासोंच्या हाताखालच्या त्या संघाने २००८, २०१० आणि २०१२ मध्ये आय-लीग जिंकली. मधल्या फळीत क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा. आमच्यापेक्षा ते जास्त पळत होते असं अजिबात नाही. आम्ही चेंडूकडे धावायचो आणि ते आधीच तिथे असायचे. लहानपणापासून एकमेकांचा खेळ ओळखणारी माणसं एकत्र असली की काय होतं ते मी त्या दिवशी अगदी जवळून पाहिलं. सामना हरलो, बसमध्ये सगळे मुके झाले होते, आणि मला मात्र कधी एकदा सरावाला उतरतो असं झालं होतं.

८. करार एका मोसमाचा असतो. घरभाडं, मुलांची फी, आईचं औषध यांना मोसम नसतो. हे खेळाडूला कुणी बसवून सांगत नाही. आमच्या आधीच्या पिढीला रेल्वे, बँका, कस्टम्स, पोलीस यांच्या संघात नोकरी मिळायची. सकाळी सराव, मग अर्धा दिवस कचेरी. पगार बेताचा, पण गुडघा गेला तरी टेबल राहायचं. व्यावसायिक फुटबॉल आला तसे पैसे वाढले आणि टेबल गेलं. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा जेसीटी २०११ मध्ये. धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तीन संघांनी २०१६ मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतलं. २०२५ च्या जुलैत इंडियन सुपर लीगचा पुढचा मोसमच स्थगित झाला. अशा प्रत्येक बातमीमागे स्टड्स पिशवीत भरून घरी परतणारी पंचवीस-तीस मुलं असतात. मी ज्या संघातून खेळलो त्यातलाही एक असाच मिटला. आम्हाला ते वर्तमानपत्रातून कळलं. मी मुंबईतली नोकरी सोडलेली नव्हती, बिनपगारी रजेवर होतो, म्हणून तरलो. माझा मणिपुरी जोडीदार तरला नाही. तो गावी गेला. आता मुलांच्या आईवडिलांशी बोलताना मी आधी शिक्षणाचं विचारतो, मग डाव्या पायाचं.

९. गुडघ्याने मला वरून बघायला शिकवलं. लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं, मग महिनोन् महिने फिजिओ आणि बर्फ. त्या काळात संघाचे सामने मी स्टँडमधून पाहिले. खाली असताना जे फक्त पाठी, खांदे आणि पाय वाटायचे, त्याचे वरून त्रिकोण दिसू लागले. कुठे माणूस कमी पडतोय, कुणी दहा पावलं मागे उभं राहायला हवं. परत आलो तेव्हा पाय मंदावले होते. प्रशिक्षकांनी मला मागे खेचलं, थेट बचावफळीच्या पुढ्यात. आंद्रेआ पिर्लोचं असंच झालं होतं. फॉरवर्डच्या मागे, दहा नंबरवर त्याला जागा मिळेना, तेव्हा २००१ मध्ये ब्रेशियात कार्लो मात्सोने यांनी त्याला मागे आणलं, पुढे मिलानमध्ये तीच त्याची जागा झाली, आणि २००६ चा वर्ल्ड कप इटलीने त्याच्या पासांवर जिंकला. माझ्या बाबतीत अर्थातच वर्ल्ड कप वगैरे काही नव्हतं, पण समोर सगळं मैदान पसरलेलं आणि पाठीशी आपले चार बॅक, ही जागा मला आवडली. मी आणखी थोडे मोसम खेळू शकलो ते या दहा पावलांमुळे.

१०. लहान मुलांना अकरा-अकराच्या मोठ्या मैदानावर सोडू नये, हे माझं ठाम मत झालं आहे. तिथे उंच, दांडगा मुलगा लांब लाथ मारतो आणि बाकीचे उभे राहतात. चार-चार जणांचा खेळ लावला की प्रत्येकाला चेंडू मिळतो आणि प्रत्येकाला मान वळवावीच लागते. आमच्याकडे सध्या तेरा वर्षांखालच्या गटात एक मुलगी आहे, वर्गातल्या पहिल्या बाकावर सहज मावेल एवढी. मी तिला बोटांचा खेळ शिकवायच्या आधीपासून ती पास घेताना दोन्ही खांद्यांवरून बघत होती. कुठून शिकलीस विचारलं तर म्हणाली, "गल्लीत खेळताना मागून गाड्या येतात." मी तिला सहा नंबरचा, बचावफळीच्या पुढ्यातल्या जागेचा शर्ट देतोय, तिला दहाच हवाय. आमची बोलणी अजून चालू आहेत.