घरी शिकवायचे ठरवताना

ख्रिस्तात प्रिय पालकहो,

मिहान परिसरात नव्याने राहायला आलेली काही तरुण जोडपी मिस्सा संपल्यावर मला एक प्रश्न विचारतात : "फादर, लहान मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवले तर?" कुणाची दर दोन-तीन वर्षांनी बदली होते, कुणाला रात्रपाळी असते. कुणाला २०२० च्या टाळेबंदीत असे दिसले, की मूल आपल्याजवळ बसून जास्त चांगले शिकते. प्रश्न मनापासून विचारलेला आहे, म्हणून उत्तरही विचारपूर्वक द्यायला हवे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ख्रिस्ती शिक्षणाविषयी जाहीरनामा काढला. त्यात आईवडिलांना मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक मानले आहे आणि शाळेचे महत्त्वही सांगितले आहे. तेव्हा मूल शाळेत जावो वा न जावो, ही जबाबदारी दुसऱ्यावर सोपवून आपल्याला मोकळे होता येत नाही.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी ते मुलीला शिकवले. कुटुंब तीर्थयात्रा करीत गावोगाव फिरत होते, तरी पाठ चुकला नाही. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' म्हणून गौरवले. मात्र घरी शिकलेल्या याच रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत 'शारदा सदन' ही शाळा काढली. ज्या बालविधवांना घरात शिकवणारे कुणीच नव्हते, त्यांना शाळेचाच आधार होता.

म्हणून "घर चांगले की शाळा?" असे विचारण्यापेक्षा "आमच्या घरी लक्ष्मीबाई कोण होणार आणि रोज किती वेळ देणार?" असे विचारा. हा भार एकट्या आईवर टाकू नका. वडिलांनीही आपला वाटा आधीच ठरवावा. आणि फी परवडत नाही एवढेच कारण असेल, तर निर्णय घेण्यापूर्वी मला येऊन भेटा, संकोच करू नका.

आता कायद्याविषयी. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यानुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे. घरी शिकवण्याचा त्यात उल्लेख नाही आणि पालकांना दंडाची तरतूदही नाही. सहा वर्षांखालील मुलांना मात्र शाळेची सक्ती नाही. म्हणून सुरुवात तिथेच करावी, हे उत्तम. तीन ते सहा ही वर्षे घरी शिकवून पाहा आणि मग पुढचे ठरवा. पुढेही घरीच शिकवायचे झाले, तर राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी व आठवीच्या परीक्षा आहेत. त्यांचे वयाचे नियम आधी नीट वाचून घ्या.

सुरुवात करताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवा :

१. घराची शाळा करू नका. फळा, घंटा, वेळापत्रक नंतर येऊ द्या. संत थॉमस अक्वायनस शिक्षकाची तुलना वैद्याशी करतात. वैद्य औषध देतो, पण बरे होण्याची शक्ती शरीरातच असते. तसेच समजण्याची शक्ती मुलात असते, आपण तिला मदत करायची.

२. रोजच्या कामातून शिकवा. बाजारात संत्री डझनावर मोजू द्या, वरणासाठी डाळ मापू द्या, तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाला रंगवू द्या. पाच वर्षांच्या मुलाला एका बैठकीत वीस मिनिटे पुरेशी आहेत. रोज रात्री मायबोलीतून एक गोष्ट सांगा. अजब बंगला आणि रमण विज्ञान केंद्र तर आपल्या शहरातच आहेत.

३. सोबत द्या. घरी शिकणारे मूल एकटे पडू शकते. रोज संध्याकाळी इतर मुलांबरोबर खेळ आणि रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग चुकवू नका. वाटून खाणे, हार पत्करणे, रुसवा सोडणे हे मूल इतर मुलांतच शिकते.

४. वही ठेवा. आज काय केले, मुलाने काय विचारले, याच्या दोन ओळी लिहा. दर तीन महिन्यांनी पतिपत्नींनी ती एकत्र वाचावी. मूल रमत नसेल किंवा आई थकून गेली असेल, तर शाळेत घालण्यात कमीपणा मानू नये. निर्णय मुलासाठी आहे, आपला शब्द राखण्यासाठी नाही.

प्रभू येशू नाझरेथच्या घरात वाढला. बाराव्या वर्षी मात्र तो मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता. मरिया आणि योसेफ त्याला शोधत तिथवर आले. आपले मूल कुठेही शिको, त्याच्या मागे असे काळजीने येणारे आईवडील त्याला लाभोत, हीच प्रार्थना.

आपला,
धर्मगुरू