निळी-काळी शाई : कोणती घ्यावी, कशी वापरावी



आमच्या चौथीच्या वर्गात शुद्धलेखन शाईच्या पेनाने लिहायचे असते. दुकानात शाई मागितली की दुकानदार विचारतो, "निळी, काळी का निळी-काळी?" पुष्कळ मुले निळीच घेतात, कारण ती वहीत छान दिसते. मी निळ्या-काळ्या शाईची माहिती काढली आहे. थोडी गुरुजींनी सांगितली, थोडी आजोबांनी, आणि थोडी मी करून पाहिली.

निळी-काळी म्हणजे निळ्या बाटलीत काळी ओतलेली, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. जुनी अस्सल निळी-काळी शाई दोन गोष्टींपासून होते. एक म्हणजे झाडाचा तुरटपणा आणि दुसरी म्हणजे लोखंड. इंग्लंडकडे तुरटपणासाठी मायफळ वापरीत. हे मायफळ तुम्ही पाहिलेले आहे, बाळगुटीत ते उगाळतात. आमच्या धाकट्या बहिणीला आजी रोज वेढा मोजून देते. त्याच बाळगुटीत हिरडाही असतो, आणि हिरडासुद्धा तसाच तुरट. आपल्याकडे शाईला हिरडा घेत. आपल्या भोर आणि वेल्ह्याकडच्या डोंगरात हिरड्याची झाडे आहेत, म्हणजे शाईचे निम्मे सामान आपल्या रानातच आहे! लोखंडासाठी हिराकस घालतात. तो हिरवट खडा असतो, त्यात लोखंडाचा अंश असतो.

तुरट पाणी आणि लोखंड भेटले की काळे होते. आवळा लोखंडी विळीवर चिरला की विळी काळी पडते ना, तेच. आजी केसांना लावायला आवळा लोखंडी कढईत भिजत घालते, तेही तेच.

आता खरी गंमत ऐका. ही शाई ताजी असताना फिकी असते. लिहिताना अक्षर नीट दिसतच नाही. म्हणून कारखान्यात तिच्यात निळा रंग घालतात. लिहिताना आपल्याला निळे दिसते. मग कागदाच्या धाग्यात शाई शिरते, हवेतला प्राणवायू लागतो, आणि आत काळा रंग तयार होतो. हा काळा रंग पाण्यात विरघळत नाही. पुढे निळा रंग उडाला तरी काळे अक्षर राहते. अशी ती आधी निळी, मग काळी.

मतदानाच्या वेळी बोटाला लावतात ती शाईही अशीच नंतर काळी पडते, पण तिचे कारण वेगळे. तिच्यात चांदीचा क्षार असतो आणि ती उजेडाने काळी होते. ती कर्नाटकात म्हैसूरला बनते आणि १९६२ च्या निवडणुकीपासून वापरतात. ती पेनात भरायची नाही, आणि मिळतही नाही.

पूर्वी आपल्याकडे काजळाचीही शाई होती. दिव्याची काजळी आणि बाभळीचा डिंक घोटून ती करत आणि बोरूने लिहीत. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे ढीगच्या ढीग रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे. आपल्या भोरचे राजे पंतसचिव. सचिवाचे काम म्हणजे सरकारी कागद तपासायचे, चुकले तर दुरुस्त करायचे. १९४८ साली भोर संस्थान भारतात विलीन झाले. म्हणजे आपला तालुका आधीपासून कागदपत्रांचाच म्हणायचा, असे गुरुजी हसत म्हणाले. काजळाची शाई उन्हाने उडत नाही. पण ती कागदावर वरवर बसते, ओले बोट घासले तर पसरते. हिरड्याची आत शिरते. पण तिच्यात हिराकस जास्त पडला तर ती कागदच खाते, कागद तपकिरी होऊन भोके पडतात.

मग १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी घोडा छाप शाईच्या पुड्या आणि गोळ्या काढल्या. तीच पुढे कॅमलिन कंपनी झाली. आजोबा शाळेत असताना पुडी पाण्यात कालवून दौत भरायचे आणि टाकाने लिहायचे. पाणी जास्त झाले की सगळ्या वर्गाची अक्षरे फिकी!

आता महत्त्वाचे. आज बाटलीवर निळी-काळी लिहिलेले असते, पण ते पुष्कळदा नुसते रंगाचे नाव असते. आत लोखंड असेलच असे नाही. मग ओळखायचे कसे? आमच्या घरी गेल्या पावसाळ्यात आढ्यातून गळून आजोबांची वही भिजली. देण्याघेण्याची वही. निळ्या शाईची पाने सगळी आभाळासारखी झाली. शेजारच्या काकांनी दोन पायली भात परत दिले का नाही, ते आता कुणालाच सांगता येत नाही. काका म्हणतात दिले, आजोबा म्हणतात आठवत नाही. दोघे बोलतात, पण पूर्वीसारखे ओट्यावर बसत नाहीत. त्याच वहीतली जुनी पाने निळ्या-काळ्या शाईची होती. ती भिजली, त्यांचा निळा रंग थोडा पसरला, पण आकडे जसेच्या तसे.

म्हणून मी चार शाया तपासल्या. एका कागदावर चार ओळी लिहिल्या, एक दिवस वाळू दिल्या, मग कागद ताटात पाण्यात तासभर ठेवला. दुकानातली निळी गेली. दुकानातली निळी-काळी अर्धी गेली, फिकट करडी ओळ उरली. तिसरी मी केलेली हिरड्याची शाई. चार हिरडे कुटले, गरम पाण्यात रात्रभर भिजवले, फडक्याने गाळले आणि त्यात गंजके खिळे टाकून आठ दिवस ठेवले. (हिराकस पोटात गेला तर विषारी, म्हणून गुरुजींनी खिळेच घ्यायला सांगितले.) ती जराही हलली नाही. चौथी ओळ बॉलपेनाची, तीही राहिली. बॉलपेनाची शाई तेलकट असते. म्हणून बहिणीचे लसीचे कार्ड आईने बॉलपेनानेच भरून घेतले, ते बरोबरच आहे. कार्ड पिशवीत भिजतेच.

दुसरी परीक्षा खडूची. खडूला खालून एक बोट सोडून शाईचा ठिपका द्यायचा आणि खडू बशीत थोड्या पाण्यात उभा करायचा. ठिपका पाण्याच्या वर पाहिजे. पाणी चढते तसे रंग वेगळे होतात. माझ्या शाईत निळा सगळ्यांत वर गेला, मधे जांभळा आला आणि करडा खालीच राहिला. एका बाटलीत तीन रंग निघाले!

तर घ्यायची कोणती? रोजच्या सरावाला निळी चालते, शर्टावरचा डागही लवकर जातो. देणेघेणे, जन्मतारीख, पत्ता असले लिहायचे तर आधी पाण्याची परीक्षा घ्या आणि टिकेल तीच वापरा. २०२३ साली राज्यभर कुणबी नोंदी शोधायचे काम झाले, तेव्हा शाळांची जुनी रजिस्टरे आणि मोडी कागद काढून वाचावे लागले. कुठली ओळ कधी लागेल ते लिहिणाऱ्याला कळत नाही.

वापरताना एवढे पाहा. दोन शाया एका पेनात मिसळू नका, साका बसतो. शाई बदलताना पेन साध्या पाण्याने धुवा, कढत पाण्याने नाही. लोखंडाची शाई पेनात वाळू देऊ नका, ती स्टीलची निब खाते. चित्रकलेची काळी शाई पेनात अजिबात नको, जीभ बुजते. माझी हिरड्याची शाईसुद्धा पेनात भरू नका, तिला गाळ आहे. बोरूने लिहा. आणि ड्रॉपर तोंडात धरू नका. (हे एका मुलासाठी आहे. त्याला माहीत आहे.)

चार ओळींचा कागद खाली चिकटवला आहे. पालकांनी बोट ओले करून तिसरी ओळ पुसून बघावी. दुसरी ओळ कृपया पुसू नये, ती आधीच अर्धी गेली आहे.

– इयत्ता चौथी, कामथडी