मुलगी ओळखीतली, सासू भावकीतली

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक आहे. ऊसतोडीहून परतलेली १७ वर्षांची विवाहित मुलगी आली. तिसरा महिना आहे. ‘ताई, कुणाला सांगू नका,’ म्हणते. तिची सासू माझ्या भावकीतली. काय करू?

उत्तर : भावकी तुम्ही शेवटी सांगितलीत, पण गाठ तिथंच आहे. कायदा सरळ आहे. मुलगी अल्पवयीन आहे, म्हणून २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. ‘लग्न झालंय’ ही पळवाट सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये बंद केली. गोपनीयतेला मर्यादा आहे, हे पहिल्याच भेटीत सांगायचं असतं. राहून गेलं असेल तर तिला पुन्हा बोलवा, सासूला बाहेर बसवा आणि काय, कुणाला कळवणार ते नीट सांगा. तिचे उपचार मात्र थांबता कामा नयेत.

अशी लग्नं का होतात? आईबाप सहा महिने उसाच्या फडावर. वयात आलेली पोर गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची? शिवाय लग्न झालं की नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, त्यावर मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि तेच अवघड आहे. समजून घेता घेता आपण कधी पांघरूण घालायला लागतो, कळत नाही.

स्वतःला विचारा : ही परक्या गावची असती तर इतका विचार केला असतात? पुढच्या भेटी सहकाऱ्याकडे सोपवा. कळवणं मात्र तुमचंच. आणि हो, तिची नोंद असलेलं रजिस्टर टेबलावर उघडं ठेवू नका.