गाडीचा थर्मोस्टॅट थंडीतच बदलून घ्या

कपाशीची वेचणी उरकत आली, तूर सोंगणीला आली, हरभऱ्याचं ओलित सुरू आहे. या दिवसांत आपल्या जिल्ह्यातली छोटी मालगाडी, मग ती पिकअप असो की छोटा हत्ती, पहाटेच चालू होते आणि खामगाव, मलकापूर नाहीतर चिखलीच्या बाजार समितीकडे निघते. अशा वेळी एक गोष्ट बघत चला. दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावरही टेम्परेचरचा काटा खालीच पडून असेल, बुलढाण्याहून मोताळ्याकडे राजूर घाट उतरताना तो आणखी खाली जात असेल, तर ‘थंडी आहे, होणारच’ म्हणून सोडून देऊ नका. चांगलं इंजिन आपल्याकडच्या थंडीतही ठरलेल्या तापमानावर येतं आणि तिथेच राहतं. काटा वर येत नसेल, तर पहिला संशय थर्मोस्टॅटवर घ्या.

मुठीत मावेल एवढी ही झडप. तिच्या पोटात मेण असतं. इंजिन थंड असताना झडप बंद राहते, पाणी इंजिनातल्या इंजिनातच फिरतं आणि लवकर तापतं. बहुतेक गाड्यांत साधारण 82 ते 88 अंशांना मेण फुगतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाऊ लागतं. झडप उघडीच अडकली तर इंजिन तापतच नाही. बंद अडकली तर घाट चढताना गाडी हिट घेते, आणि तशीच रेटली तर हेड गॅस्केट जातं.

आपल्याकडे ही झडप बिघडण्याचं एक मोठं कारण पाण्यात आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या तालुक्यांतला पूर्णाकाठचा पट्टा खारपाणपट्टा आहे. जे पाणी पिकाला चालत नाही, तेच आपण बोअरवरून बादलीने आणून रेडिएटरमध्ये ओततो. पाण्याची वाफ होऊन जाते, क्षार आतच राहतात. पाणी कमी झालं की पुन्हा तसलंच पाणी, म्हणजे पुन्हा क्षार. अशा गाडीचा थर्मोस्टॅट बाहेर काढून बघा. चहाच्या पातेल्याला चढतो तसा पांढरा थर स्प्रिंगच्या वेढ्यांत बसलेला असतो, मधला दांडा गंजून जागेवर धरलेला असतो. अॅल्युमिनियमचं हाउसिंगही आतून खाल्लेलं दिसतं. घाटावर चिखली-मेहकरकडे पाणी इतकं खारं नाही, पण बोअरचं जड पाणी तिथेही थर धरतंच.

यावर गॅरेजमध्ये हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘वॉल काढून टाका, गाडी गरमच होणार नाही.’ हा सल्ला ऐकू नका. इंजिन कायम थंड राहिलं की डिझेल नीट जळत नाही. न जळलेलं डिझेल सिलिंडरवरचं ऑइल धुऊन काढतं आणि खाली ऑइलमध्ये मिसळून ते पातळ करतं. अॅव्हरेज पडतो, पिस्टन-रिंगा लवकर झिजतात. 1 एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 डिझेल गाड्यांत तर धुराची काजळी गाळणारा फिल्टर स्वतःला साफ करायला गरम इंजिन मागतो. इंजिन तापलंच नाही तर तो तुंबत जातो. शिवाय काही इंजिनांत हीच झडप बायपासची वाट बंद करते. ती काढली की बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येतं. थंडीत गार राहिलेली गाडी मग मे महिन्यात भरल्या लोडला उकळते. हे सगळं काही शे रुपयांच्या सुट्या भागासाठी.

दोष नक्की करायला सकाळची वेळ उत्तम. थंड गाडी चालू करा आणि रेडिएटरच्या वरच्या होज पाइपला हात लावून बघत राहा. पंख्यापासून मात्र बाही-रुमाल लांब ठेवा. पहिली काही मिनिटं पाइप गार राहिला आणि मग एकाएकी गरम झाला, तर झडप चांगली आहे. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर ती उघडी अडकली आहे. काटा लाल पट्टीकडे गेला तरी पाइप गारच असेल, तर गाडी लगेच बंद करा. पाणी कमी पडलं असेल, नाहीतर झडप बंद अडकली असेल.

बदलायचं काम इंजिन पूर्ण गार असतानाच करा. गरम रेडिएटरचं झाकण उघडून चेहरा भाजून घेऊ नका. गाडी सपाट जागी लावा, खालचा नळ सोडून पाणी टबात काढा. बहुतेक गाड्यांत वरचा होज इंजिनाला जिथे मिळतो तिथलं हाउसिंग उघडलं की थर्मोस्टॅट दिसतो. काहींत तो खालच्या होजच्या बाजूला असतो. नवा आणताना जुन्यावर कोरलेला अंशांचा आकडा जुळवून घ्या. बसवण्याआधी एक खात्री करा: पातेल्यात पाणी तापवा, थर्मोस्टॅट दोऱ्याने तळाला न टेकता सोडा. पाणी उकळीला येईपर्यंत तो उघडला पाहिजे आणि गार झाल्यावर घट्ट मिटला पाहिजे. नवा भागही कधी खराब निघतो, म्हणून एवढी पाच मिनिटं घालवाच.

जुनं पॅकिंग खरवडताना अॅल्युमिनियमवर ओरखडा पडू देऊ नका. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, आणि हवा निघायचं बारीक छिद्र असेल तर ते वर. पॅकिंग नवंच घाला, बोल्ट आलटून-पालटून थोडेथोडे आवळा. निघालेलं पाणी तांबूस असेल तर पाणी स्वच्छ येईपर्यंत सगळं धुऊन काढा. मग कंपनीने सांगितलेलं कूलंट, बॅटरीत घालतो त्या डिस्टिल्ड पाण्यात डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात मिसळून भरा. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असं बरेच जण विचारतात. ते गंज थांबवतं आणि पाण्याचा उकळबिंदू वाढवतं. आपल्याला ते त्यासाठीच हवं. भरताना घाई नको. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा, गाडीत हीटर असेल तर तो पूर्ण सोडा, बुडबुडे थांबेपर्यंत आणि वरचा होज गरम होईपर्यंत थांबा. आत हवा राहिली तर नवी झडपही काम करणार नाही. दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर पातळी पुन्हा बघा.

काढलेलं कूलंट गोठ्याजवळ किंवा अंगणात ओतू नका. ते चवीला गोड असतं आणि त्यातलं इथिलीन ग्लायकॉल जहाल विष आहे. वासरू, शेळी, कुत्रं ते चाटू शकतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर नाव लिहून गॅरेजला द्या. सांडलेल्या जागी माती टाका आणि तीही उचलून घ्या.