पहिल्या करारावर सही करण्याआधी

आमच्या चिरनेरच्या पंचक्रोशीत कबड्डी कुणाला शिकवावी लागत नाही. भात कापून झाला की मोकळ्या शेतात रेघा मारायच्या आणि खेळायला लागायचं. बास्केटबॉलचं तसं नाही. त्याला पक्कं कोर्ट लागतं, ३.०५ मीटरवर बसवलेली रिंग लागते आणि रोज शिकवणारा माणूस लागतो. म्हणून इथली उंच पोरं पनवेल, नवी मुंबई, पुढे जमलं तर मुंबईला नागपाड्यापर्यंत जातात. त्यांच्यातल्या एखाद्याला व्यावसायिक संघाचा निरोप आला की घरात विचारायला कुणीच नसतं. प्रो कबड्डी २०१४ पासून चालू आहे, तिच्यातल्या करारांविषयी चार जाणती माणसं आसपास सापडतात. बास्केटबॉलचं विचारायला पालक माझ्याकडे येतात, कारण मी त्यातून गेलो आहे.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी एका लीगमधल्या संघाने मला घेतलं. करार इंग्रजीत होता आणि सही करायचं तेवढं पान उघडून पुढे ठेवलं गेलं. वडिलांनी त्यातला आकडा वाचला. आमच्या घरात महिन्याला एवढे पैसे कुणी आणले नव्हते. लीग जेमतेम काही आठवड्यांची होती, ही गोष्ट त्या आकड्यापुढे मागे पडली.

स्पर्धेआधीच्या शिबिरात रिबाउंड घेऊन खाली आलो आणि उजवा गुडघा आत वळला. कुणाचा धक्का नव्हता. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या मधोमध असणारं लिगामेंट, तुटलं होतं. संघाचं म्हणणं असं, की विमा सामन्यांपुरता आहे आणि दुखापत सरावातली आहे. मानधन सामन्यांच्या हिशेबाने ठरलेलं, तेही थांबलं. शस्त्रक्रियेसाठी वडिलांनी पतपेढीतून कर्ज काढलं. ते पुढे मी कंटेनर यार्डातल्या पगारातून फेडलं. करारातल्या शब्दांप्रमाणे संघाने काहीच मोडलं नव्हतं, आणि हीच खरी भीतीची गोष्ट आहे.

म्हणून करारात सगळ्यात आधी दुखापतीचं कलम शोधा. त्यात ‘सामना’ हा एकच शब्द असेल तर ‘सराव, शिबिर आणि प्रवास’ हे शब्द लिहून घ्या. शस्त्रक्रियेचा खर्च कोण देणार, नंतरच्या फिजिओथेरपीचा कोण देणार, त्या काळात मानधन चालू राहणार की नाही, हे वेगवेगळं लिहिलेलं हवं. शस्त्रक्रिया एकदाच होते, फिजिओकडे मात्र महिनोन्महिने जावं लागतं आणि घरचे पैसे तिथेच संपतात. विम्याच्या पॉलिसीची प्रत हातात घ्या. ‘आहे, काळजी करू नका’ हे उत्तर पुरेसं मानू नका.

दुसरं, पैसे किती महिन्यांचे आहेत ते पाहा. आपल्याकडे बास्केटबॉलच्या लीग टिकतातच असं नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या यूबीए लीगमध्ये मुंबई चॅलेंजर्स आणि पुणे पेशवाज असे आपल्याकडचे संघ होते. काही हंगामांनंतर ती बंद पडली. २०२२ मध्ये भारतीय बास्केटबॉल महासंघाची आयएनबीएल ही लीग आली. कुठल्याही नव्या लीगमध्ये जाताना तिला या महासंघाची मान्यता आहे का, हे राज्य संघटनेला लेखी विचारा. संघ सोडताना एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, कोण आणि किती दिवसांत देणार, हेही लिहून घ्या. परदेशातून बोलावणं आलं तर वाद फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, लवादाकडे नेण्याचं कलम करारात आहे का ते पाहा, कारण ते कलम नसेल तर त्या लवादाकडे जाता येत नाही. मुलगा १८ वर्षांखालचा असेल तर त्याच्या एकट्याच्या सहीला कायद्याने करार म्हणत नाहीत. पालकांनी कागद वाचूनच पुढे व्हावं.

औषधांविषयी मी फार कडक आहे. पंजाबातल्या बल्लो के गावच्या सतनाम सिंग भामराला २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने ५२ व्या क्रमांकावर निवडलं. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. पुढे २०१९ मधल्या चाचणीत त्याच्या नमुन्यात हायजेनामाइन सापडलं आणि नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, शिस्तपालन समितीने त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. हे द्रव्य जिममध्ये विकल्या जाणाऱ्या काही पावडरींत असतं. आपल्याकडच्या कित्येक खोकल्याच्या औषधांत टर्ब्युटालिन असतं, तेही बंदीच्या यादीत आहे. शरीरात काय गेलं याची जबाबदारी नियमाने खेळाडूचीच असते, मेडिकलवाल्याची किंवा प्रशिक्षकाची नाही. ताप-खोकल्याला डॉक्टरकडे गेलात तरी ‘मी चाचणी होणारा खेळाडू आहे’ हे आधी सांगा आणि चिठ्ठी जपून ठेवा.

आता गुडघ्याचं. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर निदान नऊ महिने तरी स्पर्धेचा विचार करू नये, असं आज क्रीडावैद्यकातले जाणकार सांगतात. लवकर उतरणाऱ्याचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका मोठा असतो. मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा कितीतरी जास्त होते, तेव्हा मुलींना उडी मारून नीट खाली कसं यायचं, हे शूटिंगइतकंच मन लावून शिकवायला हवं. आपली बहुतेक कोर्टं सिमेंटची आहेत. त्यावर सकाळ-संध्याकाळ उड्या मारून घेणारा प्रशिक्षक मेहनती वाटतो, पण वाढत्या वयाच्या सांध्यांना विश्रांतीही लागते.

आणि शिक्षण सोडू नका. महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वे खेळाडूंची भरती करते. या दोन्ही ठिकाणी शैक्षणिक पात्रता लागते आणि पडताळता येतील अशी स्पर्धेची प्रमाणपत्रं लागतात. पदवीच्या परीक्षेच्या तारखा संघाला आधी कळवा आणि त्या दिवसांची सुटी करारात लिहून घ्या. मला यार्डात बरी जागा मिळाली ती पदवी हाती होती म्हणून.

गावातल्या आई-वडिलांना माझी एकच विनंती आहे. कागद घरी आणा, ओळखीच्या वकिलाकडून मराठीत समजून घ्या. संघवाले म्हणतील, आजच सही हवी. त्यांच्याकडे दोन दिवस मागा. दोन दिवस न देणाऱ्या संघाकडे आपलं पोर पाठवू नका.