साखरेच्या दाण्यामागचे पाणी

इतिहासाच्या तासाला आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो की, एखादी वस्तू समजून घ्यावयाची असेल तर ती कोठून आली आणि तिच्यासाठी कोणी काय दिले, हे आधी विचारावे. वसतिगृहाच्या चहात रोज पडणाऱ्या साखरेलाही हाच प्रश्न विचारता येतो.

प्रथम कारखाना पाहू. उसाच्या वजनात सुमारे ७० टक्के पाणीच असते. रस आटविताना त्याची वाफ होते आणि ती थंड केली की ते पाणी पुन्हा हाती येते. चिपाडात उरलेला रस काढण्यासाठी, बॉयलरसाठी व धुलाईसाठी ते वापरता येते. म्हणून नीट चालविलेल्या कारखान्यास गाळपाच्या हंगामात नदीचे पाणी थोडेच घ्यावे लागते. केंद्र शासनानेही २०१६ साली सांडपाण्याची मर्यादा टन उसामागे ४०० लिटरवरून २०० लिटरवर आणली.

आता थोडे गणित करू. एक टन उसापासून साधारण १०० किलो साखर मिळते. म्हणजे सांडपाण्यातील ही २०० लिटरची घट एका किलोमागे २ लिटर भरते. शेतात मात्र एका किलो साखरेमागे दीड ते तीन हजार लिटर पाणी लागते, असा अंदाज आहे. ओढ्यात जाणारे सांडपाणी घटणे मोलाचेच आहे. परंतु पाण्याचा मोठा हिशेब शेताच्या बांधावर होतो.

ऊस बारा ते अठरा महिने शेतात उभा असतो. पाटाने मोकाट पाणी देण्याऐवजी ठिबक बसविले, पाचट न जाळता सरीत पसरले, तर पाण्याची पुष्कळ बचत होते. मात्र वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लावला, तर शेजारच्या गावाची विहीर कोरडीच राहते. म्हणून पाणी किती वाचले याइतकेच ते कोणाला मिळाले, हेही विचारले पाहिजे.

या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्रातच दिले गेले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीची चळवळ उभी केली. तेथे पाण्याचा वाटा जमिनीवरून न ठरता कुटुंबातील माणसांवरून ठरे: माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क होता. उसाला मात्र हे पाणी मिळत नसे.

आमच्या काही विद्यार्थ्यांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास गाव सोडून ऊसतोडीस जातात. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्याच गावातील हात पाणी पिऊन वाढलेला ऊस तोडतात. ही विसंगती आमची मुले पुस्तकातून नव्हे, घरातूनच शिकतात.

आमचे अनेक माजी विद्यार्थी व पालक आज सहकारी कारखान्यांचे सभासद आहेत. त्यांना आमची विनंती आहे की, वार्षिक सभेत उसाच्या दराबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत. कारखान्याने टनामागे बाहेरचे किती पाणी घेतले? किती सभासदांचा ऊस ठिबकवर आला? आणि वाचलेले पाणी कोणाच्या घागरीत गेले? तिसरा प्रश्न विचारणारा सभासद आमच्या वर्गातून गेलेला असावा, एवढीच आमची इच्छा आहे.