व्हायवाच्या आधी

चि. ओंकार,

काल रात्री दादाचा फोन आला. तुझा प्रोजेक्ट रिपोर्ट कॉलेजने परत पाठवला, सॉफ्टवेअरने तो मशीनने लिहिलेला ठरवला, एवढंच सांगताना त्याचा आवाज चढला होता. आत्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. खरं सांग, त्यातलं तुझं किती? व्हायवात एक्स्टर्नल परीक्षकाने मधलंच पान उघडून ‘हे असंच का केलं?’ विचारलं, तर बोलशील ना?

चॅटजीपीटीला हात लावू नको, असं आत्या म्हणणार नाही. ब्रिटनमधल्या 2025 च्या पाहणीत 92 टक्के विद्यार्थी अशी साधनं वापरताना आढळले. तुमच्या होस्टेलवर तरी वेगळं काय असेल? पण तुर्कस्तानातल्या शाळेतला प्रयोग ऐक. सुमारे हजार मुलं होती. गणिताच्या सरावात चॅटबॉट हाताशी असलेल्यांनी 48 टक्के सरस काम केलं. मग तो काढून परीक्षा घेतली, तर ज्यांना तो मिळालाच नव्हता त्यांच्याहून ही मुलं 17 टक्क्यांनी मागे पडली. आणि आपण मागे पडलोय हे त्यांना जाणवलंही नाही! व्हायवाला मशीन बरोबर नसतं, ओंकार.

त्याच प्रयोगातल्या एका गटाला बॉट उत्तर देत नव्हता, फक्त पुढची पायरी सुचवायचा. त्या मुलांचं नुकसान जवळजवळ झालंच नाही. तूही चॅटजीपीटीकडे तेवढंच माग.

आत्या बारावीनंतर इंग्रजीतून शिकायला लागली तेव्हा वर्गात शंका विचारायची तिची छाती झाली नाही. कितीतरी गोष्टी तशाच राहून गेल्या, त्याची हळहळ अजून आहे. तुला या बॉटकडे रात्री दोनला बिनधास्त विचारता येतं, याचा तिला हेवाच वाटतो.

आणि रिपोर्ट तूच लिहिला असशील तर मुळीच घाबरू नकोस. चॅटजीपीटीच्या ओपनएआय कंपनीने मशीनचं लिखाण ओळखणारं स्वतःचं सॉफ्टवेअर अचूक नाही म्हणून 2023 मध्ये मागे घेतलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी परभाषिक विद्यार्थ्यांचे इंग्रजी निबंध अशा सात डिटेक्टरना दिले, तर सरासरी निम्म्याहून जास्त निबंध मशीनचे ठरले. तुझं इंग्रजी तर आपल्या मराठी शाळेतलं. जुने ड्राफ्ट, कच्च्या वह्या घेऊन सरांना भेट.

दादाला आत्या समजावेल. तू जेवत जा, जागरणं आवर. व्हायवा कसाही होवो, बाहेर आल्यावर पहिला फोन आत्यालाच कर.

तुझी,
आत्या